बिटकॉइनला नावं ठेवण्याआधी

संध्याकाळची धार काढून झाली असेल, दूध डेअरीला गेलं असेल. भाकरी तव्यावर असली तरी चालेल. हात कामात राहू देत आणि कान इकडे असू देत. आज मी बोलणार आहे बिटकॉइनबद्दल. कोणी त्याला क्रिप्टो म्हणतं, कोणी आभासी चलन म्हणतं. आमच्या गटातल्या एक आक्का त्याला 'मोबाईलमधलं नाणं' म्हणतात. मला आक्कांचा शब्द आवडतो, म्हणून मीही तोच वापरणार आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. मी बचत गटांची समन्वयक आहे. बी. ए. झाले आहे, तेही मराठी घेऊन. पैशाचं शास्त्र काही कॉलेजात शिकलेले नाही. दीडएक वर्षापूर्वी पन्हाळा तालुक्यातल्या एका गावात बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, सह्या झाल्या, आणि एका वहिनींनी विचारलं, "ताई, माझ्या माहेरचा एक पाहुणा आलाय. तो म्हणतोय बिटकॉइनात पैसे घाला, महिन्याला शेकडा दहा रुपये मिळतात. घालू काय?"

मला एस. टी. गाठायची होती. मी घाईघाईत म्हणाले, "अजिबात नको. ते बेकायदेशीर आहे. सरकारनं बंदी घातली आहे. पोलीस धरतील." एवढं बोलून मी निघाले, आणि एक चांगलं काम केलं असं समजत घरी आले.

पुढच्या बैठकीला गेले तर वातावरण वेगळंच. त्या पाहुण्यानं बायकांना मोबाईलवर आयकराचा नियम दाखवला होता. वहिनी मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही म्हणलासा बेकायदा हाय, आणि सरकार तर त्याच्यावर कर घेतंय की! बंदी असती तर कर घेतला असता काय?" मला उत्तर देता आलं नाही. कारण त्यांचं म्हणणं खरं होतं आणि माझं चूक होतं.

त्या दिवशी पाहुणा खरा ठरला आणि मी खोटी ठरले. मग मी पुढं जे काही सांगितलं, शेकडा दहा कोणी देत नसतं, पैसे अडकतील, ते कोणी मनावर घेतलं नाही. तीन बायकांनी पैसे दिले. दोघींनी आपल्या साठवणीतले पाच-पाच हजार. आणि वहिनींनी वीस हजार. ते वीस हजार त्यांनी म्हशीसाठी म्हणून गटातून शेकडा दोननं उचललेले होते.

पहिल्या महिन्यात वहिनींच्या खात्यावर दोन हजार आले. त्यांनी पेढे वाटले, मीही एक खाल्ला. मोबाईलवरच्या ॲपमध्ये आकडा रोज वाढताना दिसत होता. दुसऱ्या महिन्यात पैसे काढायला गेल्या तर निरोप आला, आधी चार हजार कर भरा, मग रक्कम सुटेल. त्यांनी तेही भरले. त्यानंतर व्हॉट्सॲपचा ग्रुप बंद झाला, ॲप उघडेना, आणि पाहुण्याचा फोन लागेना.

तक्रार द्यायला आम्ही गेलो तेव्हा सहा आठवडे उलटून गेले होते. तिथं कागद काढून बघितले. वहिनींनी पैसे कुणाला दिले होते? एका परक्या माणसाच्या बँक खात्यावर, यूपीआयनं. बिटकॉइन कुठं विकत घेतल्याची एकही नोंद नव्हती. म्हणजे वहिनींनी मोबाईलमधलं नाणं कधी घेतलंच नव्हतं! त्या नाण्याच्या नावावर त्यांचे पैसे नेले होते, एवढंच.

हे बघितल्यावर मी ठरवलं की हा विषय नीट समजून घ्यायचा. कारण मला एक गोष्ट कळली होती. एखाद्या गोष्टीवर दहा आरोप केले आणि त्यातला एक खोटा निघाला, तर समोरचा तोच एक धरून बसतो आणि आपले नऊ खरे आरोपही वाया जातात. म्हणून आज आपण या नाण्यावरचे आरोप सुपात घेऊन पाखडू या. फोल कुठलं आणि दाणे कुठले ते बघू या.

आधी हे नाणं आहे तरी काय, ते आपल्याच गटाच्या भाषेत सांगते. आपल्या गटात हिशोबाची वही सचिवाकडे असते. समजा, ती वही एकीकडे न ठेवता दहाही बायकांनी आपापल्या वहीत तीच नोंद केली. कुणी किती भरले, कुणी किती उचलले, सगळं दहा वह्यांत. आता एकीनं आपल्या वहीत खाडाखोड केली, तर बाकीच्या नऊ वह्या तिला लगेच उघडी पाडतील. बिटकॉइनची वही अशीच आहे. ती जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी असते. तिचा मालक कोणी एक माणूस नाही, बँक नाही, सरकार नाही. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या नावानं कोणीतरी ही कल्पना मांडली आणि जानेवारी २००९ मध्ये ती वही सुरू झाली. हा सातोशी एक माणूस की अनेक, हे आजही जगाला माहीत नाही. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढं जाणार नाहीत, असा नियम त्यात सुरुवातीलाच घालून ठेवलेला आहे. त्या वहीत नोंद करायचं काम जे संगणक करतात, त्यांना बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. बिटकॉइननंतर तशीच हजारो नाणी निघाली. त्या सगळ्यांना मिळून क्रिप्टो म्हणतात.

आता पहिला आरोप, जो मी केला होता. "हे बेकायदेशीर आहे." मैत्रिणींनो, हा आरोप फोल आहे. झालं असं, की एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना सांगितलं होतं, की या नाण्यांचा व्यवहार करणाऱ्यांना सेवा देऊ नका. ते परिपत्रक ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. त्यानंतर १ एप्रिल २०२२ पासून या नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के आयकर लागला. वर उपकर वेगळा. विक्रीच्या वेळी एक टक्का कर कापून घ्यायचा नियम १ जुलै २०२२ पासून आला. मार्च २०२३ मध्ये ही नाणी विकणाऱ्या बाजारांना काळा पैसा रोखण्याच्या कायद्याखाली आणलं. त्यांना केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तचर विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि गिऱ्हाइकाची ओळख तपासावी लागते. म्हणजे नाणं घेणं हा गुन्हा नाही.

पण इथंच पाहुण्याची चलाखीही समजून घ्या. तो म्हणाला, सरकार कर घेतं म्हणजे सरकारची हमी आहे. हे साफ खोटं. लॉटरीत बक्षीस लागलं तर त्यावरही सरकार ३० टक्के कर घेतं. म्हणून तुमचं तिकीट लागेल अशी हमी सरकारनं दिली काय? कर आणि हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या नाण्यांत जोखीम आहे असा इशारा तर रिझर्व्ह बँक २०१३ पासून देत आली आहे. आणि कराचा नियमही किती कडक आहे बघा. एका नाण्यात दहा हजार मिळाले आणि दुसऱ्यात दहा हजार गेले, तर हातात शून्य राहिलं. तरी पहिल्या दहा हजारांवर तीन हजार कर भरावाच लागतो. तोटा त्यातून वजा होत नाही.

अजून एक घोटाळा पाहुणे मंडळी करतात. ती म्हणतात, रिझर्व्ह बँकेनं स्वतःच डिजिटल रुपया काढला आहे. ते खरं आहे. १ डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्य माणसांसाठी त्याची चाचणी सुरू झाली. पण तो आपला रुपयाच आहे, फक्त कागदाऐवजी मोबाईलमध्ये. त्याचा भाव वर-खाली होत नाही आणि त्याच्या मागं रिझर्व्ह बँक उभी आहे. त्याचा आणि बिटकॉइनचा काही संबंध नाही.

दुसरा आरोप. "हे सगळं फसवणुकीसाठीच काढलेलं आहे." यावर मी तुम्हाला कोंबडीची गोष्ट सांगते. २०१९ साल आठवा. इस्लामपूरच्या एका कंपनीनं कडकनाथ कोंबडीची योजना आणली होती. पिल्लं आम्ही देतो, पैसे भरा, वाढवा, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या दरानं परत घेतो. सांगली, कोल्हापूर, सातारा, किती शेतकऱ्यांनी शेड बांधली, कर्जं काढली. मग कंपनीनं माल उचलणं बंद केलं आणि शेडमध्ये खाद्याविना कोंबड्या मरायला लागल्या. त्यात कडकनाथ कोंबडीचा काय दोष होता? ती बिचारी आधीही अंडी घालत होती, आजही घालते. दोष होता तो चढ्या दराच्या वचनाचा. त्याच्याही आधी पुण्याच्या 'समृद्ध जीवन' कंपनीनं म्हशी आणि शेळ्यांच्या नावावर लोकांकडून पैसे गोळा केले होते आणि सेबीला त्या योजना बंद करायला सांगावं लागलं होतं. नाव कधी शेळीचं असतं, कधी कोंबडीचं, आता नाण्याचं.

तेव्हा नाणं म्हणजेच फसवणूक हा आरोप अन्यायाचा आहे. पण नाण्याच्या नावावर आपल्याच राज्यात मोठी फसवणूक झाली, हेही तेवढंच खरं. 'गेनबिटकॉइन' नावाची योजना होती. तिचा म्होरक्या अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये अटक केली. योजना काय होती? तुमचा बिटकॉइन आम्हाला द्या, १८ महिने दरमहा १० टक्के परतावा घ्या. नवीन माणूस आणला तर वर दलाली. सुरुवातीला लोकांना बिटकॉइनमध्ये पैसे मिळालेही. मग नवीन माणसं यायची कमी झाली तेव्हा परतावा 'एमकॅप' नावाच्या नाण्यात द्यायला सुरुवात केली. ते नाणं त्यांनी स्वतःच काढलेलं आणि बाजारात त्याला किंमत फारशी नव्हती. म्हणजे रुपयाचा माल घेऊन बदल्यात चिंचोके दिले. जानेवारी २०२२ मध्ये भारद्वाज वारला. देशभर गुन्हे दाखल होते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं सीबीआयकडे गेले. २०२५ मध्येही सीबीआय त्यासाठी छापे घालत होती. लोक इतकी वर्षं वाट बघत आहेत.

आता दरमहा १० टक्के म्हणजे किती, ते आपण गटाच्या हिशोबानं बघू. आपण गटात शेकडा दोन रुपये घेतो. ते व्याज कुठून येतं? आपल्याच बायकांच्या कष्टातून. कुणी म्हैस घेते, कुणी शिलाई मशीन घेते, त्यातून कमावते आणि फेडते. ते व्याज गटातच राहतं. आता दहा हजारांवर दरमहा शेकडा दहा धरा आणि व्याज परत त्यातच घाला. वर्षात त्याचे एकतीस हजारांवर होतात. कुठली म्हैस वर्षात तिप्पट होते? कुठला ऊस एवढा देतो? ज्या धंद्यात एवढं पिकत नाही, त्यातून एवढं मिळत असेल, तर ते मागून आलेल्या माणसाच्या खिशातून येतं. वहिनींना पहिल्या महिन्यात मिळालेले दोन हजार कुठले होते, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. वीस हजारांचे शेकडा दहा. त्यांचेच पैसे त्यांना परत दिले होते, विश्वास बसावा म्हणून.

तिसरा आरोप. "हा चोरांचा पैसा आहे, याचा माग लागत नाही." हा आरोप अर्धा खरा, अर्धा खोटा. मघाशी म्हटलं तशी ही वही सगळ्यांसाठी उघडी आहे. कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात नाणं गेलं, ते कायमचं लिहिलेलं राहतं, कुणाला खोडता येत नाही. उलट पाचशेची नोट किती हातांतून गेली हे कुणी सांगू शकत नाही. पण त्या वहीत नावं नसतात, नुसते लांबलचक आकडे आणि अक्षरं असतात. तो आकडा कुणाचा, हे शोधायला जाणकार लागतो. आणि जाणकारही सरळ निघेल याची खात्री नाही. गेनबिटकॉइनच्या तपासात पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली होती. आरोपींची नाणी त्यांनीच परस्पर वळवली, या आरोपावरून पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये त्या दोघांनाच अटक केली. तेव्हा माग लागतच नाही हे खरं नाही. पण माग लागला म्हणजे पैसे परत मिळाले, असंही नाही.

चौथा आरोप. "त्याच्या मागं काहीच नाही." आता इथं दाणे लागायला सुरुवात झाली. म्हैस दूध देते. जमीन ऊस देते. गटाचं कर्ज व्याज देतं. बिटकॉइन काहीच देत नाही. आज घेतलं, उद्या कोणी जास्त पैसे द्यायला तयार झालं तरच फायदा. बाजूचे लोक म्हणतील, सोनं तरी कुठं दूध देतं? बरोबर आहे. पण सोन्याचा भाव एका वर्षात एवढा कोसळत नाही, आणि पाटल्या बँकेत ठेवल्या तर तासाभरात कर्ज मिळतं. मोबाईलमधल्या नाण्याचं तसं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनची किंमत ६९ हजार डॉलरच्या आसपास गेली होती. बरोबर वर्षानं, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ती १६ हजारांच्याही खाली आली. म्हणजे रुपयाचे चार आणेसुद्धा राहिले नाहीत.

न्यायानं बोलायचं तर पुढचंही सांगितलं पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये तेच नाणं एक लाख डॉलरच्या वर गेलं. जे थांबले त्यांना मिळालं. पण मैत्रिणींनो, थांबू कोण शकतं? ज्याचं घर त्या पैशावर अडलेलं नाही तो. आपल्याकडं दूधबिल दहा दिवसांनी येतं आणि ते यायच्या आधीच त्याला वाटा फुटलेल्या असतात. पोराची फी आहे, पेंडीची उधारी आहे, गटाचा हप्ता आहे. भाव पडला म्हणून आपण दोन वर्षं थांबू शकत नाही. तोट्यात विकूनच बाहेर पडावं लागतं. म्हणून हा आरोप आपल्यासाठी दुप्पट खरा आहे.

पाचवा आरोप. "काही झालं तर विचारायला कोणी नाही." हा सगळ्यात वजनदार दाणा. बँक बुडाली तर एका खातेदाराची ५ लाखांपर्यंतची ठेव विम्यानं सुरक्षित असते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे. नाण्यांना असा विमा नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या नाणेबाजारावर चोरांनी डल्ला मारला आणि दोन हजार कोटी रुपयांच्या आसपास नाणी पळवली. त्यानंतर लोकांची नाणी वर्षाहून अधिक काळ अडकून पडली. हे काही फसव्या ॲपवर गेलेले लोक नव्हते. त्यांनी रीतसर, ओळखपत्र देऊन, खरी नाणी घेतलेली होती.

कोणी म्हणेल, बाजारात न ठेवता नाणं स्वतःजवळ ठेवावं. ठेवता येतं. पण त्याची किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस शब्दांची एक ओळ असते. ते शब्द हरवले की नाणं गेलं. तिथं शाखा नाही, साहेब नाही, अर्ज करून नवीन पासबुक मिळत नाही. आपण बायकांनी याचा विशेष विचार करायला हवा. नवऱ्यानं असं काही घेतलं असेल आणि उद्या त्याचं बरंवाईट झालं, तर बँकेत वारस म्हणून जाता येतं. एलआयसीत जाता येतं. पण ते शब्द त्यानं तुम्हाला सांगितलेच नसतील, तर तुम्ही कुणाकडं जाणार? तेव्हा घरात कोणी घेतलं असेल, तर भांडू नका, पण एवढं विचारून ठेवा.

आणि इथंही आपण आपल्याच पायाखाली बघू. ५ लाखांचा हा विमा बँकांना आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. पतसंस्था बुडाल्यावर दारात रडणारी म्हातारी माणसं आपण बघितली आहेत. तेव्हा असुरक्षित फक्त मोबाईलमधलं नाणं आणि बाकी सगळं सुरक्षित, असं समजू नका. विचारायची सवय सगळीकडं ठेवा.

सहावा आरोप विजेचा. "ही नाणी वीज खातात." बिटकॉइनबद्दल हे खरं आहे. वहीत नोंद करायची शर्यत लागते, आणि त्यात जगभरचे संगणक मिळून वर्षाला एखाद्या मध्यम देशाएवढी वीज जाळतात. रात्री दोनला मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्या घरातल्या बाईला हा आरोप पटणारच. पण तो सरसकट सगळ्या नाण्यांवर करणं बरोबर नाही. इथेरियम नावाच्या दुसऱ्या मोठ्या नाण्यानं सप्टेंबर २०२२ मध्ये आपली पद्धत बदलली आणि विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त कमी केला.

आता शेवटचा आरोप. तो नाण्यावर नाही, आपल्यावर आहे. वहिनींचे पैसे गेल्यावर चावडीवर, डेअरीत, सगळीकडं एकच बोलणं होतं. "अडाणी बायका. हाव सुटली. बचत गट करून काय उपयोग?" मैत्रिणींनो, हा आरोप सगळ्यात जास्त फोल आहे. गेनबिटकॉइनमध्ये पैसे घालायचे तर आधी बिटकॉइन मिळवून तो पाठवता यायला हवा होता. ते करणारी माणसं अडाणी नव्हती. आणि हाव? वहिनींना म्हैस घ्यायची होती. बाजारात म्हैस होती लाखाच्या घरात आणि गटातून मिळाले होते वीस हजार. मधलं अंतर कसं भरायचं, हा त्यांचा प्रश्न होता. पाहुण्यानं त्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं. आणि मी, मला प्रश्न विचारलेला असताना, एस. टी.च्या घाईत चुकीचं उत्तर दिलं.

या बोलण्यानंच वहिनी सहा आठवडे गप्प बसल्या. घरी सांगितलं नाही, गटात सांगितलं नाही. पैसे गेल्याबरोबर १९३० या नंबरवर फोन केला असता, तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येण्याची शक्यता होती. पहिले काही तास सगळ्यात मोलाचे असतात. म्हणून जी बाई फसली तिला नावं ठेवू नका. आपण हसलो, की पुढची फसलेली बाई तोंड मिटून बसते आणि त्यात चोराचंच भलं होतं.

आमच्या गटात मग मोठी बैठक झाली. वहिनींना गटातून काढा, असं दोघी-तिघी म्हणाल्या. म्हशीचं कर्ज दुसरीकडं वापरलं हे चुकलंच होतं, आणि ते वहिनींनीही कबूल केलं. मीही उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की मी तुम्हाला चुकीची माहिती दिली होती. जे माहीत नव्हतं ते 'माहीत नाही' असं मी म्हणायला हवं होतं. तेव्हा आक्का म्हणाल्या, "ताई, तुम्ही चुकलासा, ती बी चुकली. आता वही उघडा आणि हप्ता किती बसवायचा ते ठरवा." ठराव झाला. हप्ता महिन्याला हजार रुपयांवर आणला. वहिनी अजून दुसऱ्याच्या गोठ्यात काम करून तो भरतात. एकही हप्ता चुकलेला नाही. म्हैस मात्र अजून आलेली नाही.

त्याच बैठकीत आम्ही अजून एक ठराव लिहिला. कुणीही गुंतवणूक घेऊन आलं, नाणं असो, कोंबडी असो, जमीन असो, तर गटानं त्याला बसवून तीन प्रश्न विचारायचे. एक, परतावा कुठल्या कष्टातून, कुठल्या मालातून येतो? दोन, पैसे कुणाच्या नावावर जमा होतात, कंपनीच्या की कुठल्या माणसाच्या? तीन, मला उद्या पैसे परत हवे झाले, तर आणखी काही न भरता मिळतील काय, आणि नाही मिळाले तर मी कुणाकडं जायचं? तीनही उत्तरं ठरावाच्या वहीत लिहायची आणि खाली त्या माणसाची सही घ्यायची. उत्तर न देता जो चहा पिऊन उठला, त्याला उठू द्यायचं.

आणि शहरात नोकरी करणारा आपला मुलगा किंवा भाचा आपल्या पगारातून थोडं नाणं घेत असेल, जोखीम समजून, कर भरून, तर तो चोर नाही. त्याला चोर म्हणू नका. नाहीतर तो आपलं पुढचं खरं बोलणंही ऐकणार नाही. फक्त सांगा, गेलं तर चालेल एवढंच घाल. आपल्या गटाचा पैसा तसा नाही. तो दहा जणींच्या पोटाला चिमटा घेऊन साठलेला आहे. त्यातला एक रुपयाही 'गेला तर चालेल' असा नाही. म्हणून गटाचा पैसा आणि कर्जाचा पैसा नाण्यात घालायचा नाही. कायद्याची बंदी नसली, तरी आमच्या गटाच्या ठरावाची आहे.

गेल्या महिन्यात त्याच गावात एक नवीन पाहुणा आला होता. तो चंदनाची रोपं घेऊन आला होता, म्हणे दहा वर्षांत करोड रुपये. वहिनींनीच त्याच्यासाठी सतरंजी घातली, ठरावाची वही आणली, पेन उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला. तो चहा न घेताच गेला.

मैत्रिणींनो, १९३० हा नंबर आत्ताच भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा.